अंगचं, वळणाचं आणि वहीतलं

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला आमच्या कर्वेनगरच्या घरातलं जेवणाचं टेबल पुसून मोकळं होतं आणि त्यावर आजीचं तांब्याचं ताम्हण येऊन बसतं. आत हिरव्या खणाचा तुकडा अंथरलेला असतो. वीस बाजूंचा फासा नुसत्या तांब्यावर टाकला की आवाज जिन्यापर्यंत घुमतो. खणावर पडला की दोन उड्या मारून गप्प होतो. ताम्हणाचा काठ एका ठिकाणी चेपलाय, तिथे फासा तिरका अडकला तर पुन्हा टाकायचा, हा आमच्या घरचा पहिला नियम. ज्या नियमाबद्दल मला आज सांगायचंय तो बराच नंतरचा, आणि तो जमायला आम्हाला पुष्कळ रविवार लागले.

खेळ आहे डंजन्स अँड ड्रॅगन्स. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत उतरतात, आणि जिथे काय होईल ते ठरवता येत नाही तिथे फासा ठरवतो. आमच्याकडे डीएम मी. खेळणारे म्हणजे माझी सातवीतली भाची, तिची एक मैत्रीण, माझा हॉस्टेलपासूनचा मित्र आणि त्याची बायको.

भाचीसाठी मी कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, मराठीत तयार केली होती. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप असे सहा गुण ओळीने लिहिले. फक्त वरची एक चौकट कोरी राहिली. इंग्रजी शीटवर तिथे ‘रेस’ असं छापलेलं असायचं. तुमचं पात्र एल्फ आहे, ड्वार्फ आहे, नोम आहे, हाफलिंग आहे (हे सगळे परीकथांतले लोक: एल्फ दीर्घायुषी, बाकीचे ठेंगणे) की माणूस, ते तिथे लिहायचं. मला त्या चौकटीसाठी शब्द सुचत नव्हता. भाचीने पेन्सिल टेकवली आणि विचारलं, “मामा, इथे काय, जात लिहायची?”

पोरीने सरळ मनाने विचारलं होतं. शाळेच्या फॉर्मवर तिने तो रकाना पाहिलेला आहे. पण मित्राने ओठांशी नेलेली चहाची बशी तशीच खाली ठेवली. त्याची बायको खिडकीबाहेर बघायला लागली. मग तो हळूच म्हणाला, “जात नको गं बाळा. दुसरा शब्द शोधू.” भाचीने मान हलवली, चौकट सोडून दिली आणि खालच्या ओळीत, जिथे पात्राचा पेशा लिहायचा असतो, लिहिलं: विझर्ड, म्हणजे जादूगार.

त्या दोन चौकटी, एक कोरी आणि तिच्याखालची भरलेली, माझ्या डोक्यातून पुढे कित्येक महिने हलल्या नाहीत.

या खेळात जादू करणारे बरेच आहेत, आणि ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी त्यातला एक फरक नीट सांगायला हवा. क्लेरिक म्हणजे पुजारी, त्याची जादू देवाकडून येते. सॉर्सरर हा पेशा २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आला. त्याची जादू रक्तातली, कुणा पूर्वजाकडून उतरलेली, शिकावी न लागणारी. विझर्डची जादू वहीतली. पहिल्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या अगदी पहिल्या पायरीवर, त्याच्या वहीत सहा मंत्र असतात. नवा मंत्र सापडला तर तो उतरवून घ्यायचा, मंत्राच्या प्रत्येक लेव्हलमागे (मंत्रांनाही अशा पायऱ्या असतात) दोन तास बसायचं आणि शाई-सामानाला ५० सोन्याची नाणी मोजायची. सकाळी उठून वही उघडायची आणि आज कोणते मंत्र लागतील ते तयार करायचे. वही हरवली तर विझर्डचा उजवा हात गेला. थोडक्यात, सगळ्या खेळात हा एकच गडी असा की जो अभ्यासावर उभा आहे. जो आहे तो बसून, वाचून, लिहून झालाय.

म्हणूनच विझर्डच्या बाबतीत जन्माने मिळणाऱ्या फायद्यांचा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. लढवय्याला जन्माने दोन गुण ताकद जास्त मिळाली तर मी समजू शकतो, बैल आणि बोकड यांची ताकद सारखी नसतेच. पण अमक्यांच्या पोटी जन्मला म्हणून बुद्धी जास्त, आणि तमक्यांच्या पोटी जन्मला म्हणून वही हातात घ्यायची नाही, हे वाक्य पुण्यात बसून मराठीत मोठ्याने म्हणून बघा. इंग्रजीत ते नियमपुस्तकातलं कोष्टक असतं. मराठीत त्याला वास येतो.

आणि हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे.

२००१ सालची गोष्ट. हॉस्टेलवर आमच्याकडे एका जाड नियमपुस्तकाची झेरॉक्स होती, १९७८ साली निघालेल्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीची. कुणाच्या तरी चुलतभावाने परदेशातून मूळ प्रत आणली होती, आम्ही ती अप्पा बळवंत चौकात पानं मोजून झेरॉक्स करून स्पायरल बाइंडिंग केलं होतं. नवी आवृत्ती तोवर बाजारात आलेली होती, पण आमच्यापर्यंत पोचली नव्हती. माझा हाच मित्र, सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून आलेला, शेतकऱ्याच्या घरातला पहिला इंजिनीअर होऊ घातलेला, पहिल्यांदा खेळायला बसला आणि म्हणाला, मला ड्वार्फ व्हायचंय, आणि जादूगार. मी कोष्टक काढलं. मॅजिक-यूझर, म्हणजे तेव्हाचा विझर्ड; त्याच्या रकान्यात ड्वार्फसमोर ‘नाही’ होतं. हाफलिंगसमोर ‘नाही’. नोमला फक्त इल्युजनिस्ट, म्हणजे नुसते भास पाडणारा जादूगार, म्हणून दारात उभं राहता येत होतं. माणूस, एल्फ आणि हाफ-एल्फ एवढ्यांनाच वही. मी त्याला सांगितलं, “ड्वार्फला नाही होता येत.” तो म्हणाला, “का?” मी म्हटलं, “पुस्तकात आहे.” त्याने पुढे विचारलं नाही. वर्षभर तो कुऱ्हाडवाला ड्वार्फ खेळला, छान खेळला. मला त्या ‘पुस्तकात आहे’ची आजही लाज वाटते.

त्या जुन्या पुस्तकाशी न्यायाने वागायचं तर त्यामागचा हिशेबही सांगायला हवा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात निघाला, तेव्हापासून एक अडचण होती. एल्फला सगळंच होतं. अंधारात साठ फुटांपर्यंत दिसायचं, झोपेच्या आणि भुरळीच्या मंत्रांना शंभरात नव्वद वेळा दाद द्यायचा नाही, तलवार आणि धनुष्य जास्त नेमकं चालवायचा, लपलेली दारं त्याला जाता जाता जाणवायची. माणसाला यातलं काहीच नाही. मग माणूस कोण घेईल? त्यावर उतारा म्हणून कमाल लेव्हल ठरवून दिली. १९७८च्या पुस्तकात एल्फ मॅजिक-यूझर फार तर अकराव्या लेव्हलपर्यंत जायचा, तेही बुद्धी १८ असेल तर. हाफ-एल्फ आठवीपर्यंत. माणसाला मर्यादा नाही. एल्फला सगळं आज, माणसाला सगळं उद्या.

कागदावर हे तोलून दिसतं. पण आमचा खेळ दर सहामाहीच्या परीक्षेला बंद पडायचा आणि पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरू व्हायचा. पाचवी लेव्हल आम्ही एकदाच पाहिली. म्हणजे एल्फने जी किंमत अकराव्या लेव्हलला मोजायची होती ती त्याने कधी मोजलीच नाही. फायदा मात्र पहिल्या रविवारपासून वसूल. जी किंमत टेबलावर कधी येतच नाही ती किंमत नव्हेच, उधारीच्या वहीतली ती नुसती ओळ असते. हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. शिवाय जे खेळ खरंच बाराव्या-पंधराव्या लेव्हलपर्यंत जात, तिथे उलटंच व्हायचं. इतकी वर्षं सांभाळलेला एल्फ अकरावीला थांबायचा आणि त्याचा खेळाडू बाकीच्यांना मोठं होताना बघत बसायचा. आधी माणसाचा खेळाडू हिरमुसलेला, मग एल्फचा. दोघं एकाच वेळी सुखाने खेळताहेत असा रविवार त्या नियमात फारसा नव्हता.

२००० सालच्या आवृत्तीने या मर्यादा उडवून लावल्या. कुणीही काहीही व्हावं. ड्वार्फच्या हातात वही आली. एल्फकडून घेतलेली किंमत आता काटकपणातून होती, उणे दोन. ही किंमत मला आवडायची. तेव्हा विझर्डचा जीव चार बाजूंच्या फाशावर मोजत. पहिल्या लेव्हलला चार गुण, त्यात काटकपणाची भर. काटकपणा दोनने कमी म्हणजे दर लेव्हलला एक जीव कमी. चारातला एक! एल्फ विझर्डचा खेळाडू प्रत्येक लढाईत खांबामागे उभा राहायचा, आणि का उभा राहतोय ते सगळ्यांना दिसायचं. माणसाला एक जादा कसब आणि थोडी जादा विद्या मिळायला लागली. त्या काळातले आमचे खेळ मला सगळ्यात समतोल आठवतात.

पुढे २००८ची आवृत्ती आमच्या टेबलावर आलीच नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलत नाही. २०१४ची पाचवी आवृत्ती आली आणि तिच्याशी मी अजून झुंजतोय.

या आवृत्तीत जवळजवळ कुणालाच उणं काही नाही, सगळ्यांना अधिकच. हाय एल्फला चपळाई दोन, बुद्धी एक, आणि वर विझर्डचा एक कँट्रिप, म्हणजे कितीही वेळा वापरता येणारा छोटा मंत्र, जन्मजात. रॉक नोमला बुद्धी दोन. खेळाडू आकडा बघून धावतात तो या बुद्धीकडे. पण हिशेब करून बघा. गुण वाटून घेताना बुद्धी फार तर १५ घेता येते. १५ची भर, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा, दोन; १६ची तीन. एल्फला तो एक गुण मिळाला की भर एकने वाढते, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर एक घर. वीस वेळा मंत्र टाकलात तर सरासरीने एकदा फरक पडणार. आमच्या एका रविवारात विझर्ड मोजून सात-आठ मंत्र टाकतो. म्हणजे ज्या फायद्यासाठी सगळे भांडतात तो दोन-तीन आठवड्यांत एकदा ताम्हणात दिसतो.

आता माउंटन ड्वार्फ घ्या. त्याला ताकद दोन, काटकपणा दोन. विझर्डला ताकदीचा उपयोग शून्य. पण त्याला मध्यम वजनाचं चिलखत घालता येतं, जन्मजात, आणि या आवृत्तीत ज्याला चिलखताची सवय आहे तो ते घालून मंत्रही टाकू शकतो. चपळाई १४ असलेल्या साध्या विझर्डचा बचाव १२. गॉब्लिन या बुटक्या राक्षसाचा वार फाशात चार मिळवून लागतो, म्हणजे त्याला आठ किंवा जास्त पडले की झालं; शंभरात पासष्ट वेळा. त्याच चपळाईच्या ड्वार्फने ५० नाण्यांचं खवल्यांचं चिलखत चढवलं की बचाव १६, आणि तोच वार शंभरात पंचेचाळीस वेळा लागतो. पहिल्या लेव्हलच्या विझर्डला जीव असतो साधारण आठ, गॉब्लिनचे दोन वार म्हणजे आडवा. वीस वारांतले चार वार चुकणं आणि वीस मंत्रांतला एक मंत्र लागणं, यात मोठं काय ते वेगळं सांगायला नको. साधा विझर्ड बचावासाठी मेज आर्मर हा मंत्र टाकतो, पण पहिल्या लेव्हलला दिवसाचे मंत्र दोनच, त्यातला एक तिथेच खर्च.

गंमत नव्हे, पण मला ही रचना सुंदर वाटायची. एल्फकडे नेमकेपणा, ड्वार्फकडे टिकाव. ड्वार्फची बुद्धी १५वरच, भर दोन, त्याच्या मंत्रांना शत्रू एक घर सहज चुकवणार; पण तो उभा राहणार. दोन वेगळे विझर्ड, दोघांना स्वतःचं असं काही. कुणी त्याला बुद्धीचं बक्षीस दिलं नव्हतं म्हणून ड्वार्फचं चिलखत चालून जायचं.

मग २०२०मध्ये एक पर्यायी नियम आला, जन्माने मिळणारे गुण खेळाडूने हवे तिकडे फिरवावेत. मी या नियमाची वाट बघत होतो. आला त्या आठवड्यात टेबलावर लागू केला. आणि महिन्याभरात विझर्ड म्हणून दुसरं काही घेण्यात अर्थ उरला नाही. ड्वार्फने ताकदीचे दोन गुण उचलून बुद्धीवर ठेवले, १७. काटकपणाचे दोन होतेच, आणि जखम झाली तरी चालू मंत्र धरून ठेवायला विझर्डला काटकपणाच लागतो. वर चिलखत तसंच. १९७८मध्ये ज्याला दाराबाहेर ठेवलं होतं त्यालाच आता सगळं. माझ्या मित्राला मी म्हटलं, “घे, आता तुझा ड्वार्फ जादूगार.” त्याने शीट वाचली, खाली ठेवली. “असा नको,” म्हणाला. “असा घेतला तर दुसऱ्या कुणाला काही राहतच नाही.”

त्याचं बरोबर होतं. ड्वार्फचं चिलखत आणि ड्वार्फची ताकद ही एकाच तराजूची दोन पारडी होती. एका पारड्यातला दगड उचलून दुसरीकडे ठेवायची परवानगी दिली, आणि दुसऱ्या पारड्याला हातच लावला नाही. मोकळीक द्यायलाच हवी होती, यात मला आजही शंका नाही. पण अर्धी दिली.

काही फायदे असे आहेत की जे पुस्तकात तोलताच येत नाहीत, कारण ते डीएमच्या सवयींवर चालतात. एल्फला अंधारात दिसतं; पण माझ्या गुहांमध्ये भिंतींवर मशाली असतील तर त्याला काय मिळालं? माणसाच्या विझर्डने आपल्या तीन कँट्रिपपैकी एक उजेडावर घालवला की तो हिशेब मिटला. एल्फला मंत्राने झोपवता येत नाही. पण माझ्या खलनायकांनी झोपेचा मंत्र टाकलाच नाही तर? नोमचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे जादूने मनावर केलेल्या हल्ल्याविरुद्ध तो दोन फासे टाकून चांगला तो घेतो. भाचीच्या मैत्रिणीची नोम तीन महिने फक्त लांडगे, दरोडेखोर आणि पूर आलेली नदी यांच्याशी लढली. एकदा ती शीटवरच्या त्या ओळीवर बोट ठेवून मला म्हणाली, “काका, हे कधी वापरायचं?” मला फार वाईट वाटलं. तिचा फायदा मीच कपाटात कुलूप लावून ठेवला होता. पुढच्या रविवारी मी एक म्हातारी चेटकीण आणली, तिने सगळ्यांच्या मनावर धुकं पाडलं, आणि एकट्या नोमला वाट दिसत राहिली. त्या दिवसापासून खेळाची तयारी करताना मी प्रत्येकाच्या शीटवरची एक ओळ वहीत उतरवून घेतो आणि त्या ओळीला काम मिळेल असं काहीतरी गोष्टीत घालतो. माझ्या मते समतोलाचा निम्मा भाग हाच आहे.

२०२२ साली खेळ काढणाऱ्या कंपनीने ‘रेस’ हा शब्द सोडायचं जाहीर केलं आणि २०२४च्या पुस्तकात ‘स्पीशीज’ आलं. गुण जन्मापासून तोडून पार्श्वभूमीला जोडले, म्हणजे पात्र आधी काय करत होतं त्याला. ड्वार्फचं जन्मजात चिलखतही गेलं. बातमी वाचून मला आनंद झाला. मग मी यादी वाचायला बसलो. सेज, म्हणजे विद्वान असाल, तर वाढीव गुण काटकपणा, बुद्धी, शहाणपण यांत. फार्मर, म्हणजे शेतकरी असाल, तर ताकद, काटकपणा, शहाणपण. बुद्धी नाही. डीएमला स्वतःच्या पार्श्वभूमी बनवता येतात, हे मला ठाऊक आहे. पण छापील यादीतून निवडणाऱ्या पोराला शेतकऱ्याच्या घरातून विझर्ड व्हायचं असेल तर एक पाऊल मागून सुरुवात करावी लागते. मी ती यादी मित्राला दाखवली नाही.

शब्दाचं घोडं अडलेलंच होतं. ‘वंश’ पुस्तकी वाटला, आणि त्याच्यामागून ‘वंशावळ’ येते. ‘कूळ’ म्हटलं की एकाला कुळाचार आठवतो, दुसऱ्याला कूळकायदा. ‘प्रजाती’ विज्ञानाच्या पुस्तकातून उठून आलेला, बेडकांना शोभणारा. अशात एका दुपारी भाचीला घेऊन अप्पा बळवंत चौकात गेलो होतो. तिला तिच्या विझर्डसाठी खरीखुरी वही हवी होती, दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. वही घेऊन आम्ही तसेच बुधवार पेठेकडे वळलो, भिडेवाड्याच्या जागेशी. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. मी तिला ते सांगत होतो आणि ती वही छातीशी धरून ऐकत होती. मी तेव्हा खेळाचा विचार करत नव्हतो. पण घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की वही कुणी हातात घ्यायची हा प्रश्न या गावाने कोष्टकात वाचलेला नाही, अंगावर दगड-शेण झेलत सोडवलेला आहे. मग माझ्या टेबलावर बुद्धीचा रकाना जन्माला बांधलेला का असावा?

शब्द शेवटी आईकडून आला. ती भाचीचं अक्षर बघून म्हणाली, “हे अंगचं नाही हो, हे वळण आहे. तिच्या आईने बसून लावलेलं.”

अंगचं आणि वळणाचं. आमच्या बोलण्यात हा भेद किती साधा आहे, आणि नियमपुस्तकांनी इतकी वर्षं ते दोन्ही एकाच पिशवीत भरले. अंधारात दिसणं अंगचं. विष पचवणं अंगचं. साडेसातशे वर्षं जगणं अंगचं. पण एल्फच्या हातातली तलवार? ती कुणीतरी शिकवली. ड्वार्फचं चिलखत? ते किल्ल्यात वाढल्याने आलं. एल्फचा जन्मजात म्हणवला जाणारा कँट्रिप तर उघडच शिकवणीचा. आता आमच्या शीटवर ती एक चौकट फोडून दोन केल्यात, ‘अंग’ आणि ‘वळण’. अंग आपल्या लोकांकडून येतं. वळण जिथे वाढलात तिथून येतं, आणि कुणीही कुठेही वाढू शकतं. बुद्धी या दोन्हींत नाही; वाढीचे तीन गुण खेळाडूने स्वतः ठेवायचे.

पहिल्याच बैठकीत मित्राने भोक दाखवलं. “मग सगळेच विझर्ड किल्ल्यात वाढणार. चिलखत कोण सोडेल?” खरं होतं. २०२०चाच घोळ मी नव्या कपड्यात आणला होता. आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत बसलो. बचाव कमी करून पाहिला, चिलखताची किंमत वाढवून पाहिली. पण नाणी काय, दोन साहसांत जमतात. जुन्या कमाल लेव्हलची आठवण मला सारखी येत होती. किंमत पहिल्या रविवारीच मोजली गेली पाहिजे, आणि विझर्डला ज्याची किंमत आहे त्यातच मोजली गेली पाहिजे. मग मित्रच म्हणाला, “किल्ल्यातला पोरगा सकाळी कवायतीला जाणार ना? मग अभ्यासाला वेळ कमी.” तिथे गाठ सुटली. किल्ल्याचं वळण घेतलं तर चिलखत मिळतं, पण वहीत सुरुवातीला सहाऐवजी चारच मंत्र.

चार मंत्र म्हणजे काय ते मित्राने तिसऱ्याच रविवारी अनुभवलं. हो, आता त्याचा ड्वार्फ विझर्ड आहे, चोवीस वर्षांनी. खवल्यांचं चिलखत, दाढी कमरपट्ट्यात खोचलेली, वहीला चामड्याचं वेष्टण. पुलावर सहा गॉब्लिन आले, झोपेचा मंत्र असता तर निम्मे तिथेच पडले असते, आणि त्याच्या वहीत तो नव्हता. त्याने वही चाळल्याचा अभिनय केला, चारही पानं उलटून बघितली, मिटली आणि पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. भाचीचं पात्र, माणसांतली एक विझर्ड मुलगी, मागून मंत्र टाकत होतं. दोघं एकमेकांशिवाय वाचले नसते.

माणसाचं काय करायचं ते मात्र अडून होतं. माणसाचं अंग काय? अंधारात दिसत नाही, विष पचत नाही. भाचीनेच वेगळ्या वाटेने ते उकरलं. ती म्हणाली, “मामा, एल्फ शंभर वर्षांची होऊन खेळायला येते. माझी मुलगी सोळाची आहे. मग दोघींच्या वहीत सहाच मंत्र कसे? ती एवढी वर्षं करत काय होती?” मी मला माहीत असलेल्या सगळ्या आवृत्त्यांतले नियम मनात फिरवले. त्यांत हे कुणीच तोललेलं नाही. मित्राची बायको एरवी खेळात फार बोलत नाही. ती एल्फ खेळते. ती म्हणाली, “मला घाई कुठे आहे? एक मंत्र मी चाळीस पावसाळे लिहीन. आधी शाईसाठी झाड लावीन.”

त्यावरून माणसाचं अंग ठरलं: घाई. माणूस विझर्डला मंत्र उतरवायला निम्मा वेळ लागतो, लेव्हलमागे दोनऐवजी एक तास. खर्च तोच. हे पुरेसं आहे का, मला अजून खात्री नाही. एल्फला न येणारी झोप आणि अंधारातली नजर यांच्यापुढे हलकं वाटतं. कदाचित माणसाला वळणं दोन द्यावी लागतील. आणखी पाच-सहा रविवार बघायचंय.

गेल्या रविवारी त्याची पहिली परीक्षा झाली. मेलेल्या एका जादूगाराच्या मनोऱ्यात ते अडकले होते, खाली पाणी चढत होतं, आणि मेजावर त्याची वही उघडी पडली होती. तिसऱ्या लेव्हलचा मंत्र, उडण्याचा. मी सांगितलं, पाणी या मजल्यावर यायला चार तास. एल्फला सहा लागतील, ड्वार्फलाही सहाच. माणसाला तीन. सगळ्यांनी भाचीकडे बघितलं. आमच्याकडे मंत्र उतरवायचा म्हणजे खरंच लिहायचा असतो. तिने दोनशे पानी वही पुढे ओढली, आईने लावलेल्या वळणाने समास आखला, आणि मित्राला म्हणाली, “काका, तुम्ही दार धरा.”

तो खुर्चीतून अर्धा उठला, फासा उचलला आणि ताम्हणावर हात नेला. मी म्हटलं, थांब, तिची पहिली ओळ होऊ दे.